बैलाशी बोलणाऱ्या मामाचा चेहरा

बालाघाटला जाऊन आले, असं सांगितलं की आमच्या अमरावतीच्या बायका आधी विचारतात, वाघ दिसला का. नाही दिसला. मी वाघ पाहायला गेलेच नव्हते. मी गेले होते माझ्या मामाचा चेहरा शोधायला, आणि तो सापडला की नाही हे मला आजही धड सांगता येत नाही. तरी सांगते. सांगता सांगता माझंच मला काही उमगलं तर बरं.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा मधू मुंबईला फिल्मचं काम करतो. नाच-गाण्याची फिल्म नव्हे. सिनेमाच्या आधी थिएटरात माहितीची छोटी फिल्म दाखवतात ना, तसली. त्याला जंगल सत्याग्रहावर एक करायची होती. इंग्रजाच्या राज्यात सरकारी जंगलातलं गवत परवानगीवाचून कापायचं आणि आपण होऊन तुरुंगात जायचं, असा तो सत्याग्रह. आमचा मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, त्यात होता. पकडून नेला आणि तुरुंगातच तापाने गेला. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन.

मधू म्हणाला, "मावशी, तू चल. मामाआजोबांना पाहिलेलं आपल्या घरात तूच एक उरली आहेस."

मी विचारलं, गेलेल्या माणसाची फिल्म कशी काढणार? तर म्हणाला, काही जुने फोटो, काही वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि जिथे काहीच नाही तिथे चित्रं काढून ती चालवायची. मी म्हटलं, चित्र चालतं कसं? त्याने पिशवीतून पातळ कागदांचा एक गठ्ठा काढला. प्रत्येक कागदाला खाली तीन भोकं, आणि प्रत्येकावर जवळजवळ तेच चित्र, धोतर नेसलेल्या एका माणसाचं. त्याने अंगठ्याने कागद भराभर सोडले आणि तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत फाटकातून आत चालत आला. पण त्याला तोंड नव्हतं. पागोट्याखाली नुसतं कोरं अंडं.

"हेच तर तुझ्याकडून पाहिजे," मधू म्हणाला.

शाळेत मी गेलेली नाही. थोरल्या मुलाच्या पाटीवर त्याच्याबरोबर अक्षरं शिकले, आणि तेव्हापासून इतिहास म्हणजे पुस्तकात छापलेला तो, अशी माझी समजूत. आता कोऱ्या अंड्यावर मी सांगेन ते नाक बसणार आणि तो इतिहास होणार, हे काही डोक्यात शिरेना. पण आजोळच्या मुलखाला जायचं म्हटल्यावर मी कसली मागे राहते.

बालाघाट

गोंदियाहून छोटी गाडी. खेळण्यातली वाटावी एवढी. चढावर तिची इतकी दमछाक होते की खाली उतरून तिला हात द्यावा. दोन्ही अंगांना धानाची कापलेली शेतं. आमच्याकडे पौषात ज्वारी उभी असते, इथे नुसता खुंट आणि बांधावर मोहाची झाडं.

आम्ही लहान असताना हा मुलूख आणि आमचा मुलूख एकाच राज्यात होता, राजधानी नागपूर. मग राज्यं वेगळी झाली, आम्ही इकडे आणि बालाघाट तिकडे. स्टेशनावरच्या पाट्या हिंदीत, टांगेवाला हिंदीत, आणि आम्ही ज्यांच्याकडे उतरलो ते मधूच्या ओळखीचे वकील घरात मराठी बोलत, पण त्यांची मुलं आपसात भांडत ती हिंदीतच. वकिलीणबाईंना मी म्हटलं, अहो, पोरांना मराठी येत नाही का? म्हणाल्या, "येते ना, पण त्यात जोर येत नाही म्हणतात."

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. मधूजवळ एक फोटो होता, नागपूरला कुणाच्या तरी पेटीत मिळालेला. सात माणसं ओळीने बसलेली, हातात विळे, मागे गवताचे भारे आणि दोन शिपाई. सहा जणांना त्यांच्या त्यांच्या घरच्यांनी ओळखलं. उरला तो सातवा, म्हणजे तोच मामा. पण त्या काळी फोटोला दम धरून बसावं लागे, आणि या एकाने नेमकी मान हलवली. सहा जणांचे चेहरे चांगले, मामाच्या जागी धूर.

कचेरीत दुसरा एखादा फोटो, निदान वर्णनाचा कागद मिळेल म्हणून मधू आला होता. तिथले बाबू भले होते. मला खुर्ची दिली, "माताजी, चाय लेंगी?" विचारलं. मग म्हणाले, राज्यं झाली तेव्हा कागदांचीही वाटणी झाली, काही भोपाळला गेले, काही नागपूरलाच राहिले. मधू म्हणाला, नागपूरला तर सांगतात की बालाघाटला पाठवले. बाबूंनी मान डोलावली. "वही तो," म्हणाले. म्हणजे काय ते मला कळलं नाही, मधूलाही कळलं नाही, पण चहा चांगला होता.

मामाचं गाव

मामाचं गाव रामपायलीच्या वाटेवर. मोटारीने थोडं आणि पुढे बंडीने, म्हणजे बैलगाडीने. रामपायलीला रामाचं जुनं देऊळ आहे, तिथे वाकून आलो. देवाला मी म्हटलं, काही आठवू दे बाबा.

घरात आता धाकटी मामी, तिचा मुलगा गोविंदा आणि सून कमल. धाकटी मामी म्हणजे मामाच्या धाकट्या भावाची बायको. थोरली मामी कधीच गेली, धाकटा मामाही गेला. मामी पडवीत खांबाला टेकून बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मला हाताने चाचपून म्हणाली, "सुमी व्हय का? लय म्हातारी झाली वो तू." तिच्याहून मी दहा-पंधरा वर्षांनी तरी लहान.

जेवायला चिन्नोरचा भात. पातेल्यावरचं झाकण काढलं की अख्ख्या घराला कळावं असा वास. सोबत लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी. दोन्ही वेळेला भात, आणि सकाळी न्याहारीला रात्रीचाच भात परतून. तिसऱ्या दिवशी मी हळूच भाकरीचं विचारलं, तर कमलने लगेच केली. तांदळाची.

आता मुख्य गोष्ट. मधूने मामीजवळ बसून विचारलं, आजी, मामाआजोबा दिसायला कसे होते? मामी म्हणाली, "मले काय मालूम?"

मधूला वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्याने मोठ्याने विचारलं. मी त्याला बाजूला नेऊन समजावलं. अरे, ते तिचे भासरे. नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्यापुढे धाकट्या भावजयीने तोंडावर पदर ओढायचा, बोलायचं नाही, वर पाहायचं नाही. ही नऊ-दहा वर्षांची असताना या घरात आली आणि ते पकडले जाईपर्यंत एका छपराखाली राहिली. चेहरा पाहिलेला नाही. मधू माझ्याकडे बघतच राहिला. अमरावतीतही असं होतं म्हटलं, पण इतकं कडक नाही, आमच्याकडच्या बायका पदराच्या आडून पाहून घ्यायच्या.

"मामी, तू आडूनबी नाही पाह्यलं?" मी विचारलं.

"पायापावतर पाह्यलं," मामी म्हणाली. "डाव्या पायाचा अंगठा वाकडा व्हता. वरतं पाहाची हिंमत नाही झाली."

मग तिने जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. लग्न होऊन आली तेव्हा आईसाठी रडत राहायची. सणाला माहेरी पोचवायला घरात दुसरं कुणी मोकळं नसायचं, म्हणून भासरेच बंडी जुंपायचे. तिच्याकडे पाठ करून बसायचे. आणि तिच्याशी बोलायची चाल नाही, म्हणून बैलांशी बोलायचे. काय रे, कोनाले तहान लागली असन तं पुढं विहीर हाय. काय रे, रडून राह्यलं का कोनी, आता दोनच कोस राह्यले. ती बैलांनाच हळू उत्तर द्यायची, नाही म्हणून सांगा. वर्षानुवर्षं असं चाललं. तिला बापाने कधी इतकं विचारलं नव्हतं.

"एक डाव त्याइचं तोंड पाहाचं हाय," ती मधूला म्हणाली. "डोये पुरे जाच्या अगुदर. तू चित्र काढतं म्हनते सुमी. मंग काढ ना."

मधू फिल्म करायला आला होता, आणि आता ही एक म्हातारी बाई डोळे जायच्या आत वाट पाहत बसली होती. त्या रात्री जेवताना तो मला म्हणाला, "मावशी, आता नीट आठव."

आठवण

आता माझी गंमत ऐका. मी बसले आठवायला. आजोळी गेले की मामा मला रोज खांद्यावर घेऊन फिरवायचा, हे पक्कं. त्यामुळे मला काय आठवलं, तर पागोटं आणि कान. कान मी दोन्ही हातांनी धरायची, मोठे होते, उजव्याची पाळी जाड. पण चेहरा? खांद्यावर बसणाऱ्या पोरीला चेहरा कुठून दिसणार? समोरून पाहिलं असेलच की, पण समोरचा काही येईना. डोळे मिटले की फोटोतला धूरच यायचा.

मधूने डोक्याला हात लावला. "वरून मावशी, खालून आजी. मधला माणूस मी कुठून आणू?"

मग गावातली म्हातारी माणसं बोलावली. किसन दाजी आले, मामाच्या बरोबरीचे. म्हणाले, जाडजूड मिशा, नाक बसकं, रंग काळा. मधूने काढलं. चित्र पूर्ण झाल्यावर कमल खुदकन हसली, कारण ते हुबेहूब किसन दाजी होते. दाजींनी ते हातात धरून लांबून पाहिलं. "हौ, हाच व्हता," म्हणाले.

त्यांच्यामागून एक म्हातारे कोतवाल आले. म्हणाले, मिशा नव्हत्याच, गोरे होते, नाक सरळ. दाजींची आणि त्यांची पडवीतच जुंपली. दाजी म्हणाले, "तू त्या टायमाले होता कुठी? इंग्रजाची काठी धरून तं उभा होता." कोतवाल म्हणाले, म्हणूनच मला तोंड दिसलं, तुला पाठ दिसली असेल, तू मागे होतास. दोघांना चहा देऊन घालवावं लागलं. संध्याकाळी दोघेही आपापलं खरं करायला पुन्हा आले.

यात एक घोटाळा झाला. मधूने मुंबईहून आणलेला तो चालणारा गठ्ठा पडवीतल्या पेटीवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर गठ्ठा नाही. एकच कागद, नीट, वर दगड ठेवून. कमलला विचारलं. ती म्हणाली, "सगळे एकसारखेच होते भाऊजी. एक चांगला पाहून ठेवला. बाकीच्यावर वड्या घातल्या." अंगणात खाटेवर मामा ओळीने पसरलेला, आणि त्याच्यावर कोहळ्याच्या वड्या वाळत होत्या.

मला हसू आवरेना. मधूचा चेहरा पाहून आवरलं. कमल बिचारी ओशाळली. तिला कुणी सांगितलं होतं की तेच तेच चित्र पुन्हा पुन्हा काढण्यालाच इथे काम म्हणतात? वड्या काढल्या, पण कागदांना डाग पडले होते, काही चिकटून फाटले. मधूने पुन्हा काढायला घेतलं. त्याच्याजवळ एक काच होती, तिला खालून दिवा लावून वर कागद ठेवतात, म्हणजे खालचं चित्र दिसतं आणि वरचं किंचित पुढे सरकवून काढता येतं. गावात वीज नाही. मग गोविंदाने काच दोन विटांवर ठेवली आणि खाली आरसा धरून ऊन वर फेकलं. ऊन सरकलं की आरसा सरकवायचा. मी धरायची, कमल धरायची. माझा मामा असा उन्हावर चालायला लागला.

चेहऱ्याचं मधूने शेवटी असं केलं. गोविंदाचं नाक घेतलं, कारण ते त्या घरातलं नाक. कान मी सांगितले ते. आणि कपाळ नि हनुवटीसाठी मलाच समोर बसवलं. म्हणाला, तू तुझ्या आईवर गेली आहेस, ती त्यांची सख्खी बहीण. मिशा बेताच्या ठेवल्या, म्हणजे दाजी आणि कोतवाल दोघेही सारखेच नाराज होतील.

चित्र झालं आणि मी पाहिलं. मिशा लावलेली मीच.

"मधू, हे खोटं नाही का रे?" मी विचारलं.

"चित्र कल्पनेतलं आहे असं फिल्ममध्ये लिहीन, मावशी."

"मामीला कोण लिहून देणार? तिला वाचता येत नाही."

खरं सांगावं की हा अंदाजाचा चेहरा आहे, की म्हातारीला समाधान मिळू द्यावं? मी दोन वेळा सांगायला म्हणून तिच्याजवळ जाऊन बसले आणि दोन्ही वेळा धानाच्या भावावर बोलून उठले. शेवटी मधूनेच सांगून टाकलं, आजी, हे घरातल्यांवरून जुळवलेलं आहे, अगदी तेच असतील असं नाही. मामी म्हणाली, "तू दाखव तं."

पडवीत

सकाळचं ऊन पडवीत आलं होतं. मामीला उजेडाकडे तोंड करून बसवलं, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर मधूने गठ्ठा धरला. कमल, गोविंदा, मी, सगळे मागे वाकून. मधूने अंगठ्याने कागद सोडले. फाटक उघडलं, धोतरातला माणूस अंगणात आला, डाव्या पायाचा अंगठा वाकडा, मान वर करून सरळ आमच्याकडे येऊ लागला.

मामीने झटकन पदर ओढला. इतका जोरात की तिचा हात मधूच्या हाताला लागला आणि कागद खाली सांडले.

"असे कसे घुसले आंगनात?" ती पदराआडून म्हणाली. आवाजात राग होता. "खाकरले नाही काई नाही."

मधूला कळेना. मलाच कळायला वेळ लागला. घरात बायका असतात, कामात असतात, डोक्यावरचा पदर सरकलेला असतो. थोरला पुरुष बाहेरून येताना फाटकाशीच खाकरायचा, म्हणजे आतल्यांनी सावरून घ्यावं. न खाकरता आत शिरणारा पुरुष चांगल्या घरचा नव्हे. आणि तिचे भासरे तर दोनदा खाकरायचे, फाटकाशी एकदा लांब आणि पायरीशी एकदा आखूड. मधूने काढलेला माणूस मुंबईच्या माणसासारखा तडक आत आला होता.

"आजी, कागद कसा खाकरेल?" मधू म्हणाला.

"मंग काहून आनला त्याइले?"

मधूजवळ बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर होता, माणसांचे आवाज धरायला आणलेला. त्याने तो काढला. गोविंदाला म्हणाला, खाकर. गोविंदा खाकरला. मामी म्हणाली, "हा तं हिवतापाचा खोकला." किसन दाजी तेवढ्यात आलेच होते, त्यांनी छाती फुगवून केलं. मामी म्हणाली, "हा भांडाले आला." मधूने स्वतः करून पाहिलं, त्यावर तिने नुसता हात झटकला.

मग तिने यंत्र कुठे आहे ते हाताने पाहिलं, पदर तसाच ठेवून पुढे वाकली, आणि स्वतः खाकरली. एकदा लांब. थांबली. मनात अंगण चालून गेल्यासारखी थांबली. मग एकदा आखूड.

सत्तरीच्या पुढची बाई, अंगात मूठभर मांस, आणि घशातून पुरुषाचा भारदस्त आवाज. दाजींनी हातातली तंबाखू तशीच धरली. मधूने मला डोळ्यांनी विचारलं, मावशी, असाच होता का? काय सांगू? ओळखीचा वाटला म्हणावं तरी खोटं, नाही म्हणावं तरी खोटं.

मधूने कागद गोळा करून लावले. मामीला म्हणाला, आता पुन्हा पाहा, आजी, पदर काढा, आपलंच माणूस आहे. मामीने पदर मागे घेतला. पांढुरके डोळे उजेडात मोठे केले. यंत्रातून तिचाच लांब आवाज आला.

या वेळी तिने घाई केली नाही. सावकाश पदर पुढे ओढला, खांबापासून सरकून वाट दिली आणि मान खाली घातली. पुढचा आखूड आवाज आला. मधूने कागद सोडले. मामा अंगण ओलांडून पायरी चढला आणि कागद संपले.

मला राहवेना. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "मामी, तोंड पाहाचं राह्यलं ना वो. डोये हायेत तवर पाहून घे. तो पुन्हा सोडन कागद."

"पाहाले बसली असती तं ते फाटकावरूनच फिरले असते, सुमे," मामी पदराआतून म्हणाली. "आले घरात. झालं."

मधू मान खाली घालून कागदांच्या कडा जुळवत होता. मी कमलकडे पाहिलं. तिने मामांना उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, तिने पदर घेतला होता. आणि माझाही हात डोक्यावर होता, पदर कपाळापर्यंत आलेला. मामापुढे भाचीने कशाला पदर घ्यायचा, तशी काही चाल नाही, आमच्याकडे नाही आणि तिथेही नाही. तो मी कधी ओढला, ते मला अजून सांगता येत नाही.